सिनेमाचं कॉलेज निवडताय? आधी मधल्या पोराची फिल्म बघा

एप्रिल संपत आला की लग्नाचा सीझन ऐन भरात असतो. अशा वेळी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या फोटो स्टुडिओत कुणी निवांत बोलायला आलं की माझ्या पोटात गोळाच येतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार अण्णा असेच आले. सोबत मुलगी, बारावी सायन्सची परीक्षा नुकतीच दिलेली. हातात चार कॉलेजांची गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तकं. चारहींच्या मुखपृष्ठावर क्रेनला लावलेला कॅमेरा आणि त्याच्यामागं टोपी उलटी घातलेला एक हसरा मुलगा. चौघं हसरे वेगळे होते, टोपी मात्र एकच असावी अशी शंका आली.

“हिला फिल्मचं शिकायचंय म्हणती,” अण्णा म्हणाले. “ह्यातलं चांगलं कुठलं तेवढं सांगा, पैसे भरून आम्ही मोकळे होतो.”

पैसे भरून मोकळं व्हायची घाई मला चांगली माहीत आहे. बावीस वर्षांपूर्वी मीही तसाच मोकळा झालो होतो. त्याचं पुढं सांगतो. त्या दिवशी बापलेक तासभर बसले, दोन अल्बमची डिलिव्हरी राहिली. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं, म्हणून तेव्हा जे बोललो ते जरा नीट लिहून ठेवतोय.

‘फिल्म मेकिंग’ नावाचं एक काम नसतं

समजा सीन एवढाच आहे: पहाटे एक मुलगी आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडं चालत निघालीय, मध्येच थांबते आणि कृष्णेकडं बघते. पडद्यावर पंधरा सेकंद. आता यात कोण काय करतं ते बघा.

ती का थांबते, किती वेळ थांबते, चेहऱ्यावर काय दिसतं, हे दिग्दर्शक ठरवतो. कॅमेरा पुलाच्या कुठल्या बाजूला लावायचा, सूर्य पाठीमागं घ्यायचा की समोर, पुलाची कमान मोठी दिसायला हवी की पोरगी, त्यासाठी लेन्स कुठली, हे सिनेमॅटोग्राफरचं काम. आपल्याकडं त्याला अजून ‘कॅमेरामन’च म्हणतात. तिच्या खांद्यावर दप्तर आहे की हातात दुधाची किटली, चप्पल नवी की झिजलेली, हे कलादिग्दर्शन आणि वेशभूषावाले बघतात. साउंडवाला तिच्या पावलांचा आवाज पकडायला बसलाय आणि मागून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चाललाय, ते दुखणं त्याचं. ती थांबल्यावर आधी चेहरा दाखवायचा की आधी पाणी, आणि किती सेकंदांवर कापायचं, हे एडिटर ठरवतो. पहाटे पूल मिळावा म्हणून परवानगी काढणं, पंधरा माणसांचा चहा-नाश्ता आणि गाडी, हे प्रॉडक्शनचं. पंधरा सेकंदांत सहा धंदे.

यातला प्रत्येक धंदा वेगळं डोकं मागतो. गर्दीत रमणारा, शंभर माणसांना न चिडता हाकणारा मुलगा प्रॉडक्शनमध्ये सोन्यासारखा चमकेल आणि एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीत आठवडाभरात कोमेजेल. उलटही तेवढंच खरं. म्हणून चांगल्या फिल्म संस्थांत प्रवेशच विभागवार असतो: दिग्दर्शन वेगळं, सिनेमॅटोग्राफी वेगळी, संकलन, ध्वनी, कला वेगळी. पुस्तकात नुसतं ‘फिल्म मेकिंग’ लिहिलंय आणि सहा महिन्यांत सगळं शिकवतो म्हणतात, तिथं सगळ्याची तोंडओळख होईल. तोंडओळख वाईट नाही, पण तिची किंमत तोंडओळखीएवढीच असावी.

फोटोग्राफी तर अजून निराळी. फोटोत एका क्षणात सगळं बसवायचं असतं, पुढंमागं काही नाही. व्हिडीओत वेळ वाहत असतो, शॉटला सुरुवात आणि शेवट असतो, वर आवाजाचं ओझं. चांगला फोटोग्राफर आपोआप चांगला कॅमेरामन होतो असं नाही. मी स्वतः फोटोत बरा आहे, पण गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, हातात घेतला की अजून नवशिक्यासारखा धावतो.

मुलीला विचारलं, ह्या सहातलं तुला काय ओढतं? ती गप्प राहिली. अण्णाच म्हणाले, “डायरेक्टर की!” सगळ्यांना डायरेक्टरच व्हायचं असतं, कारण बाहेरून तेवढंच नाव ऐकू येतं.

बारावीनंतर की पदवीनंतर

इथं बहुतेक घरांत मोठा गोंधळ असतो. पुण्यातली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय, हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दिग्दर्शन, सिनेमॅटोग्राफी, संकलन, ध्वनी हे तिथले तीन वर्षांचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर तिथं अर्ज होत नाही. कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था १९९५ची. तीही पदवीधरांसाठीच. दोन्हीकडं अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा, मोजक्या जागा.

थोडं विषयांतर. एफटीआयआय ज्या जागेवर आहे ती प्रभात फिल्म कंपनीची. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्याला गेली, आणि त्याच स्टुडिओच्या आवारात १९६०ला ही संस्था उभी राहिली. त्याही आधी बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतः तयार केला होता, कारण विकत आणायची सोय नव्हती. म्हणजे आपल्या भागातला पोरगा पुण्याला सिनेमा शिकायला जातो तेव्हा तो आपल्याच पाहुण्यांकडं चाललेला असतो. निघताना एवढं भ्यायचं कारण नाही.

तर ज्याचं लक्ष्य एफटीआयआय आहे, त्यानं बारावीनंतर काय करावं? माझं मत अनेकांना आवडत नाही: घराजवळ, कमी फीत, मनापासून आवडेल अशा कुठल्याही विषयात पदवी घ्या. मराठी, इतिहास, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, काहीही. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला जा, साताऱ्याला जा. त्या तीन-चार वर्षांत भरपूर वाचा, नाटकात कामं करा, फोटो काढा. बारावीनंतर लगेच महागड्या खासगी फिल्म पदवीला लाखो रुपये घालून पुन्हा पदवीनंतर एफटीआयआयची परीक्षा देणारी मुलं मी बघितलीत. दोनदा तेच शिकायला दोनदा पैसे.

एक अट मात्र आत्ताच लक्षात ठेवायची. ध्वनीच्या अभ्यासक्रमाला बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. ध्वनी हा तरंगांचा खेळ असल्यामुळं ही अट रास्तच आहे. दहावीनंतर शाखा निवडताना हे कुणी सांगत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बारावीनंतर थेट जायचंच असेल तर वाटा तीन-चार आहेत. चित्रकलेची वाट: बीएफए, म्हणजे ललित कलांची पदवी, उपयोजित कला ही तिची एक शाखा. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी हा विषय जुना आणि चांगला आहे. राज्यभरातल्या बीएफएची प्रवेशपरीक्षा सीईटी सेल घेतो आणि तिच्यात चित्रं काढायला लागतात, म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्प. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्या मुलांचा हात इथं चालतो. डिझाइनची वाट: अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी. तिथं फिल्म आणि व्हिडीओ हा स्वतंत्र विषय आहे, आणि गांधीनगरच्या आवारात फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. परीक्षेचे दोन टप्पे असतात. तिथं पाठांतर कामाला येत नाही, नजर लागते. पत्रकारितेची वाट: शिवाजी विद्यापीठात जनसंवादाचा विभाग आहे, सांगलीहून कोल्हापूर तासा-दीड तासाचं. बातमी, माहितीपट, मुलाखत याकडं ओढा असेल तर हे जवळचं आणि परवडणारं. आणि चौथी, खासगी विद्यापीठं आणि फिल्म स्कूलं. गोरेगावच्या फिल्मसिटीत आहेत, पुण्याच्या आसपास आहेत. सामग्री चकचकीत, फीही तशीच.

आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा ट्रेड असतो, सगळीकडं नाही. ज्याला गावात स्टुडिओच टाकायचाय त्यानं आधी तिथं चौकशी करावी. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

कागदाचं वजन

आता माझी गोष्ट. पुण्यातल्या एका अकादमीत मी सहा महिन्यांचा ‘इंटरनॅशनल डिप्लोमा’ केला. नाव सांगत नाही, बोर्ड आता उतरलाय. आम्ही सव्वीस जण होतो आणि चालू अवस्थेतला कॅमेरा एक. सहा महिन्यांत माझ्या हातात तो मोजून अकरा दिवस आला. प्रमाणपत्र मात्र सोनेरी कडेचं. ते घेऊन मी एका सरकारी जागेसाठी अर्ज केला, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “हे कुठल्या विद्यापीठाचं?” त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

नियम सोपा आहे. ‘पदवी’ विद्यापीठच देऊ शकतं: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं झालेलं, किंवा अभिमत दर्जा मिळालेलं; नाहीतर संसदेनं कायद्यानं तसा अधिकार दिलेली संस्था. हे १९५६च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात आहे. बाकी कुणी स्वतःच्या जिवावर ‘पदवी’ देतो म्हणत असेल तर ती पदवी नव्हे. खासगी अकादमीनं स्वतःचं प्रमाणपत्र देणं बेकायदा नाही, फक्त ते तेवढंच असतं. यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी आहे आणि बोगस विद्यापीठांचीही. ‘आयएसओ प्रमाणित’, ‘अमुक परदेशी संस्थेशी संलग्न’, ‘इंडस्ट्री मान्यताप्राप्त’ हे शब्द वाचून हुरळून जायचं नाही. आयएसओ कार्यपद्धतीला मिळतं, अभ्यासक्रमाला नव्हे.

आता खरं बोलतो. कॅमेऱ्यामागं उभं राहायला पदवी कुणी विचारत नाही. सेटवर मला आजवर कुणी प्रमाणपत्र मागितलेलं नाही. मग पदवी कशाला? तीन ठिकाणी लागते: सरकारी नोकरी, पुढचं शिक्षण आणि बँक. शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच सहज मिळतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारची हमी योजना आहे, म्हणजे बँकेनं तारण मागायला नको. पण अकादमीच्या सोनेरी प्रमाणपत्रासाठी शाखाधिकारी मान हलवेल ती आडवी. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचंही तसंच. कॉलेजला थेट विचारा: तुमचा हा अभ्यासक्रम त्या पोर्टलवर आहे का? ‘होतं की सगळं’ हे उत्तर नव्हे.

अजून एक. प्रवेश घेताना मूळ गुणपत्रिका आणि दाखला ठेवून घ्यायचा अधिकार कॉलेजला नाही. तपासून परत द्यायला हवेत, हे यूजीसीनं २०१८मध्ये स्पष्ट केलंय. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत, याचेही ठरलेले टप्पे आहेत. पण हे नियम विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांना. खासगी अकादमीला भरलेले पैसे पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांवर अवलंबून. ती बारीक अक्षरं पैसे द्यायच्या आधी वाचायची असतात.

छत्तीस मिनिटं

पुस्तकात लिहिलेलं असतं: ‘अत्याधुनिक कॅमेरे’. फोटोत कॅमेरा असतोही. प्रश्न असा की तो तुमच्या पोराच्या हातात किती वेळ येणार. चला, द्राक्षाच्या पेट्यांसारखा हिशोब करू. वर्गात तीस मुलं. कॅमेरे तीन. आठवड्यात प्रॅक्टिकलचे दिवस दोन, प्रत्येक दिवशी तीन तास. तीन कॅमेरे गुणिले सहा तास म्हणजे आठवड्याला अठरा कॅमेरातास. तीस मुलांत वाटले की प्रत्येकाला छत्तीस मिनिटं. त्यातली दहा स्टँड लावण्यात जातात.

हा हिशोब अण्णांना लगेच कळला. “म्हणजे पेटीत वरचा घड चांगला, खाली काय ते बघायला पाहिजे,” ते म्हणाले. मी म्हटलं, अगदी तेच.

सुट्टीच्या दिवशी आणि रात्री सामान बाहेर काढू देतात का, हे विचारा. मुलीचा बाप म्हणून तुम्हाला आवडणार नाही, पण हेही विचारा की वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं. रात्रीचं शूटिंग हा अभ्यासक्रमाचा भाग आणि दार नऊला बंद, अशी कॉलेजं आहेत. मग मुली शूटिंगला जात नाहीत, एडिटिंगच्या टेबलावर बसतात, आणि शिक्षक म्हणतात की मुलींना कॅमेऱ्यात रस नसतो. रात्रीच्या शूटिंगनंतर मुलींना परत सोडायची गाडी कुणाची, सोबत कोण, हे जिथं लगेच आणि नेमकं सांगतात ती जागा विचार करण्यासारखी.

शिकवणारा माणूस कसा आहे हे तपासायची माझी एक जुनी युक्ती आहे. त्याला विचारायचं, “सर, मंगल कार्यालयात ट्यूबलाइटखाली व्हिडीओत पट्टे का हलतात?” उत्तर असं आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, म्हणून जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा प्रकाश आत घेतो तो वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात, १/१०० ठेवलं तर एक. प्रत्येक फ्रेमला प्रकाश सारखा. १/६० किंवा १/१२५ केलं की एका फ्रेममध्ये प्रकाश जास्त, दुसरीत कमी, आणि पट्टे पोहायला लागतात. आपल्याकडं टीव्हीला सेकंदाला पंचवीस फ्रेमचा हिशोब आहे, त्याला १/५० हे शटर आयतंच जुळतं. चांगला शिक्षक हे सांगताना उठून दिवा लावून दाखवेल. ‘ते सेटिंगमधून जातं’ म्हणणाऱ्याकडं मुलाला पाठवू नका. फुकटात सेटिंग दाखवणारे मोबाइलवर हजार आहेत.

मधल्या पोराची फिल्म

सगळ्यात महत्त्वाचं हे. बाकी विसरलात तरी चालेल.

प्रत्येक कॉलेज आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावतं. तो मुलगा कदाचित कुठंही गेला असता तरी पुढं आला असता. वर्गात पहिला येणारा कॉलेजबद्दल फारसं सांगत नाही. मधला सांगतो. म्हणून कॉलेजला म्हणा, गेल्या वर्षीच्या शेवटच्या वर्षातल्या सगळ्या फिल्म दाखवा. निवडक नको, सगळ्या. नाही म्हणाले तर उत्तर मिळालंच. दाखवल्या तर यादीतली सातवी, अकरावी, अठरावी अशा मधल्याच लावा.

बघताना काय बघायचं? डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐका. कानात इअरफोन घाला. विद्यार्थ्यांच्या कामात सगळ्यात आधी आवाजाची बोंब असते. संवाद भांड्यात बोलल्यासारखे घुमत असतील, दर कटला मागचा आवाज बदलत असेल, तर तिथं ध्वनी कुणी शिकवत नाही. मग आवाज बंद करून बघा. गोष्ट काय ते कळतंय का? मग फिल्म लांबलीय का बघा. दहा मिनिटांत सांगता येणारं बावीस मिनिटं चाललंय, म्हणजे कापायला शिकवणारं कुणी बसलेलं नाही.

आणि शेवटची नामावली नीट वाचा. पाच फिल्ममध्ये छायालेखकाचं एकच नाव, आणि ते नाव विद्यार्थ्यांच्या यादीत नाही, तर कॉलेजनं बाहेरून भाड्यानं कॅमेरामन आणलाय. फिल्म देखण्या दिसतात, माहितीपुस्तकात शोभतात, आणि ज्यानं सिनेमॅटोग्राफीची फी भरली तो रिफ्लेक्टर धरून उभा असतो. रिफ्लेक्टर धरणं चांगलंच आहे, लग्नात पोरं तेच करतात, पण त्याचे त्यांना पैसे मिळतात.

ज्या पोराची फिल्म बघितलीत त्याला गाठा. समाजमाध्यमांवर सापडतोच. त्याला ‘कॉलेज कसं आहे’ विचारू नका, लाजेखातर चांगलंच सांगेल. विचारा: तुझ्या फिल्मला स्वतःचे किती घातलेस? रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, दाखवल्यावर सरांनी काय बदलायला लावलं? आत्ता काय करतोस? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर समजा, त्याची फिल्म कुणी बसून बघितलीच नाही. शिकणं त्या बसून बघण्यातच असतं. सामान भाड्यानं कुठंही मिळतं.

फीच्या पलीकडचा खर्च

अण्णांनी चारही पुस्तकांतल्या फीच्या आकड्याखाली रेघ मारून आणली होती. त्या रेघेच्या खाली अजून बरंच असतं. पुण्यामुंबईत खोली आणि मेस. बऱ्यापैकी ताकदीचा लॅपटॉप. हार्ड डिस्क, आणि एक नव्हे दोन, कारण एकीवर ठेवलेलं काम आणि न केलेलं काम यात एका धक्क्याचंच अंतर असतं. शेवटच्या फिल्मचा खर्च: कलाकारांचं जेवण, लोकेशन, लाइटचं भाडं, प्रवास. कॉलेज ठरावीक रक्कम देतं की सगळं पोरांनी घालायचं, हे आधी विचारा.

कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका. लग्नाच्या धंद्यात मी तीन वेळा कॅमेरे बदलले आणि जुने निम्म्या किमतीतही गेले नाहीत. एडिटिंग शिकायला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, मोठ्या सिनेमांचं रंगकाम त्याच घराण्याच्या सॉफ्टवेअरवर होतं.

फिल्म कुणाची, हेही विचारा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे. कॉलेजनं पैसे घातले तर बहुतेक वेळा मालक कॉलेज, आणि महोत्सवाला पाठवायची तर परवानगी त्यांची. यात गैर काही नाही. पण सगळे पैसे पोराचे आणि मालकी मात्र कॉलेजची, असा कागद पुढं आला तर सही करायच्या आधी चहा प्या आणि पुन्हा वाचा.

तोवर इथंच

प्रवेश मिळेपर्यंत मुलं रिकामी बसतात, ते मला कळत नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगीच नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ला इथंच पहिला प्रयोग केला, आणि आजही एकांकिकांच्या तालमी चालू असतात. तिथं पडदा ओढायला उभं राहिलात तरी नटाला कुठं उभं करायचं ते फुकट कळतं. साताऱ्याकडच्या मुलांना तर शूटिंगच दारात. वाई, मेणवलीच्या घाटावर मोठमोठ्या हिंदी सिनेमांचं काम झालंय, मालिकांची युनिटं साताऱ्याच्या आसपासच्या गावांत मुक्काम ठोकून असतात. पंधरा दिवस स्पॉटदादाच्या हाताखाली चहा वाटा. सकाळी सहाचा कॉलटाइम, उन्हात बारा तास, आणि त्यातून पडद्यावर जेमतेम काही मिनिटं. हे बघून ज्याची हौस फिटते त्याचे लाखो रुपये वाचतात.

पुण्याच्या फिल्म संस्थेत आणि चित्रपट संग्रहालयाच्या साथीनं सिनेमा रसग्रहणाचे छोटे अभ्यासक्रम होत आलेत. तीन वर्षांची उडी मारण्याआधी पाय बुडवून बघायला ते चांगले. प्रवेशपरीक्षेच्या क्लासबद्दल माझं मत फार बरं नाही. मुलाखतीत समोरची माणसं तुम्ही काय बघता ते काढून घेतात. मुंबईची चाळ आणि डोंगराआडचा सूर्यास्त त्यांनी शंभरदा बघितलाय. हरिपूरचं हळदीचं जमिनीखालचं पेव, बेदाण्याचं शेड, पुराच्या पाण्याची भिंतीवर राहिलेली रेघ हे त्यांनी बघितलेलं नसतं.

एवढं बोलल्यावर मी मुलीला म्हटलं, घरी जा, आठ दिवसांत तुमच्या बेदाणा शेडवर काहीतरी करून आण. मोबाइलवर. दहा फोटो आण नाहीतर दोन मिनिटांचा व्हिडीओ.

ती आठ दिवसांनी आली. मोबाइल माझ्या हातात दिला, पडदा काळा. मी म्हटलं, चालू होत नाहीये. ती म्हणाली, “सर, व्हिडीओ नाहीये. ऐका.”

इअरफोन घातले. आधी वारा जाळ्यांतून फडफडत होता. मग द्रावणात बुडवलेल्या क्रेटचं पाणी निथळत होतं. टप, टप, आणि मध्येच लांबून रेडिओ. बायका ओळीत बसून काहीतरी निवडत होत्या, बोटांचा खसखस असा बारीक आवाज, एकजण हसत सुनेची तक्रार सांगत होती. मग एकदम मोठा सळसळाट, वाळलेला बेदाणा जाळीवरून खाली ताडपत्रीवर ओतल्याचा, आणि त्यानंतर शांतता. दोन मिनिटं दहा सेकंद. तिनं कुठंही कापलेलं कळत नव्हतं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली की नऊ ठिकाणी कापलंय.

अण्णा दारात उभे होते. “कशाचं काय कळंना मला,” ते म्हणाले. “आठ दिवस नुसती शेडमध्ये फोन धरून उभी. गडी हसायला लागले.”

मी म्हटलं, अण्णा, हिला डायरेक्टर होऊ द्या की नको ते नंतर बघू, पण साउंडचं बघा. त्याला पदवी लागंल, ती इथंच घेऊ दे. आणि बारावीला फिजिक्स लागतं.

“हाय की फिजिक्स माझं,” मुलगी म्हणाली.

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सीईटीच्या क्लासला दोन वर्षं फी भरली होती त्यांनी, इथंच, विश्रामबागेत. “म्हणजे,” ते म्हणाले, “ते पैसे अगदीच पाण्यात न्हाई गेले म्हणायचं.”